एक मॅच हरली की वर्ष संपलं! कॉलेजच्या मुलींचा फुटबॉल सीझन नेमका चालतो कसा?

समुद्रपूर. वर्धा जिल्ह्यातला तालुका. नागपूरहून हैदराबादकडे जाताना लागणारा जाम चौरस्ता याच तालुक्यात येतो. आता समजा, इथं शिकणाऱ्या एखाद्या मुलीनं ठरवलं की आपण कॉलेजच्या टीमकडून फुटबॉल खेळायचं. तर वर्षभरात तिच्या वाट्याला किती मॅच येतील?

उत्तर 'एक' असू शकतं. होय, फक्त एक.

टीव्हीवर लीग बघणाऱ्यांच्या डोक्यात सीझन म्हणजे आठ-नऊ महिने, पॉइंट टेबल, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. कॉलेजच्या खेळात असं काही नसतं. तिथं असते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. समुद्रपूर येतं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठात गेले, त्यानंतर इथं नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे उरले. या चार जिल्ह्यांतल्या कॉलेजच्या टीम एका ठिकाणी जमतात आणि स्पर्धा थोडक्या दिवसांत उरकते.

आणि ती सहसा बाद पद्धतीनं होते, म्हणजे नॉकआऊट. यातलं गणित बघा. १६ टीम आल्या असं धरू. पहिल्या फेरीत आठ मॅच, आठ टीम घरी. म्हणजे निम्म्या मुलींचा सीझन एका मॅचमध्ये संपला. जिंकणाऱ्या टीमलाही मिळतात फक्त चार मॅच. बरं, पहिल्या फेरीत बाहेर कोण जातं? ज्यांना सरावाला दुसरी टीम मिळत नाही, ते. म्हणजे ज्या मुलींना मॅचची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच सगळ्यात कमी मॅच.

मग पुढं काय? या स्पर्धेतला खेळ बघून आणि निवड चाचणी घेऊन विद्यापीठाची टीम निवडली जाते. चार जिल्हे मिळून मुलींची एकच टीम. तिच्यात आलेल्या मुलीला कॉलेजात 'कलर होल्डर' म्हणतात आणि तिचा फोटो नोटीस बोर्डावर लागतो. ही टीम पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळते, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांविरुद्ध. तिथून वरच्या टीम अखिल भारतीय स्पर्धेत जातात आणि तिथल्या पहिल्या आठ टीमना 'खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स'चं दार उघडतं. हे गेम्स २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाले. वयाची अट २५ वर्षांच्या आतली. थोडक्यात, एका मुलीकडे ही शिडी चढायला चार-पाच वर्षं असतात आणि तिची पहिली पायरी दर वर्षी एका दुपारी ठरते.

नोकरीचा विषयही याच्याशी जोडलेला आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी स्पर्धेचा दर्जा आणि मिळवलेलं स्थान बघितलं जातं. कॉलेजकडून खेळलो एवढ्यावर भागत नाही.

आता गावाकडची गोष्ट. फुटबॉलला निदान ९० मीटर लांब मैदान लागतं. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, कॉलेजच्या आवारात कुठंही आखता येतं. फुटबॉलला ११ जणी लागतात आणि नियम असा की सातपेक्षा कमी असतील तर मॅच सुरूच होत नाही. त्यामुळं स्पोर्ट्सच्या सरांनी कबड्डीची टीम आधी उभी केली, तर त्यांना दोष तरी कसा द्यायचा? त्यात विदर्भातली काळी माती. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते. पाऊस थांबला की दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी, आणि तिच्या मागोमाग हिवाळी परीक्षा. सराव नेमका यांच्या मधल्या फटीत बसवायचा.

विदर्भात फुटबॉल नाही असं मात्र म्हणू नका. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळेंचा २०२२ चा 'झुंड' त्यांच्याच कामावर बेतलेला. स्लम सॉकरमध्ये पुढं मुलीही खेळू लागल्या. बारसेंनी आधी खेळायची संधी तयार केली, खेळाडू मागून आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेत काय झालं ते पण बघू. १९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करायला बंदी झाली आणि ती खेळालाही लागू पडली. १९८२ मध्ये एनसीएएनं कॉलेजच्या मुलींची पहिली सॉकर स्पर्धा घेतली. आज तिथली कॉलेजची मुलगी ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात पंधरा ते वीस मॅच खेळते. आपल्याकडं 'इंडियन विमेन्स लीग' ही देशातली सगळ्यात वरची लीग. २०२४-२५ मध्ये तिथं आठ टीम होत्या आणि प्रत्येकीला मिळाल्या १४ मॅच.

म्हणजे अमेरिकेतल्या साध्या कॉलेज खेळाडूला आपल्या टॉपच्या लीगइतक्या किंवा त्याहून जास्त मॅच मिळतात. तरी आपल्या मुलींनी ५ जुलै २०२५ ला थायलंडला त्यांच्याच घरात, चियांग माईला, २-१ नं हरवलं आणि पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशियाई कपमध्ये जागा मिळवली.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेसारखा पैसा आणायचा कुठून? पण यातल्या काही गोष्टींना पैसा फार लागत नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी आणि समुद्रपूर इथली एकेक कॉलेज टीम घ्या. बाद पद्धत ठेवली तर चौघींत मिळून तीन मॅच होतात. तीच साखळी पद्धतीनं, एकदा आपल्याकडं आणि एकदा त्यांच्याकडं अशी खेळवली, तर एकूण १२ मॅच होतात. प्रत्येक टीमला सहा, त्यातल्या तीन आपल्या गावात. बाहेरगावी जायचं तेही तीनदाच, शनिवार-रविवार बघून. समुद्रपूरच्या मुलींचा सगळ्यात जवळचा प्रवास असेल हिंगणघाटचा.