नवा संगणक चालू होईना? आधी फेज बघा!



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की पूर्वी घरात बैलजोडी यायची, मग इंजिन आले, मग मोटारसायकल. आता त्या यादीत संगणकही येऊन बसला आहे. कोणाचा मुलगा अभियांत्रिकीला आहे, कोणाची मुलगी घरी बसून हिशेबाची कामे करते. सुटे भाग आणून जोडला तर संगणक हवा तसा होतो आणि पुढे वाढवताही येतो, म्हणून पोरे पुण्या-सोलापूरहून भाग आणतात आणि सोप्यात बसून जोडतात. नारळ फुटतो, बटण दाबले जाते, पंखा गरगर फिरतो. पण पडदा काळा तो काळाच! कधी कधी तर पंखाही हलत नाही.

मग घरात दोन पक्ष पडतात. आजोबा म्हणतात, "दुकानदारानं गंडवलं." पोरगा म्हणतो, "मदरबोर्ड गेला." आमचे दोघांनाही सांगणे असे की, जरा दम धरावा. नव्या जोडणीत बहुतेक वेळा काही जळालेले नसते. काहीतरी नीट बसलेले नसते.

मोटारीचाच धडा

विहिरीवरची मोटार चालू झाली नाही तर आपण ती लगेच उचलून रिवाइंडिंगला नेत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. स्टार्टरच्या पेटीत पाल किंवा मुंग्या शिरल्यात का तेही बघतो. संगणकाचे शास्त्र यापेक्षा वेगळे नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी रिलेमध्ये पतंग सापडला होता. तेथील मंडळींनी तो काढून नोंदवहीत चिकटवून ठेवला. तेव्हा हा अनुभव फक्त आपल्याच विहिरीवरचा नव्हे!

क्रमाने काय पाहावे

पहिली वीज. पॉवर सप्लायच्या पाठीमागे एक छोटे बटण असते, ते चालू आहे का पाहावे. मदरबोर्डाला विजेच्या दोन जोडण्या लागतात. एक २४ पिनांची मोठी, ती सहसा कोणी विसरत नाही. दुसरी प्रोसेसरसाठी, बहुधा ८ पिनांची, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असते. ती राहून गेली तर पंखे फिरतात आणि पडदा मात्र गप्प. काहीच हलत नसेल तर कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक तारा योग्य पिनांवर आहेत का, हे बोर्डाच्या पुस्तिकेतील चित्राशी ताडून पाहावे.

दुसरी रॅम. ही पट्टी हलक्या हाताने ठेवून चालत नाही. खाच जुळवून दोन्ही टोके सारखी दाबावीत, 'टक्' असा आवाज आला पाहिजे. शंका असल्यास एकच पट्टी ठेवावी आणि पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेतच बसवावी. येथे एक गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. डीडीआर-५ जातीची नवी रॅम पहिल्यांदा चालू होताना बोर्ड तिची जुळवणी करतो, त्यात कधी काही मिनिटे जातात. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. धीर सुटून बटण बंद केले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसरा पडदा. ग्राफिक्स कार्ड बसवले असेल तर पडद्याची तार त्या कार्डालाच जोडावी, मदरबोर्डाला नव्हे. आणि कार्ड नसेल, तर आपल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आहे का ते पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' अक्षर असते, त्यांत ती नसते. अशा वेळी सगळे ठणठणीत असूनही पडद्यावर काही उमटणार नाही.

चौथा मेळ. बोर्ड दुकानात बरेच दिवस पडून असेल आणि प्रोसेसर नंतर निघालेला असेल, तर बोर्डातील बायोस नावाची मूळ आज्ञावली त्याला ओळखत नाही. ती नवी करून घ्यावी लागते. यात दोष ना बोर्डाचा, ना प्रोसेसरचा.

एवढे करूनही अडले तर

मग सगळे सोडवावे. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी आणि वीज; प्रोसेसर 'एफ'चा असेल तर ग्राफिक्स कार्डही. असे चालू झाले, तर कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली एखादी पितळी खुंटी चुकीच्या जागी राहून शॉर्ट होत असण्याचा संभव असतो. नंतर एकेक भाग जोडत जावे. ज्या भागाने गाडी अडली, तोच चोर! मात्र प्रत्येक वेळी भाग लावण्या-काढण्यापूर्वी पिन सॉकेटमधून काढावी.

बोर्ड आपल्या परीने बोलतही असतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीपासून चालू होताच स्वतःची तपासणी करून शिट्टीने निकाल सांगण्याची रीत आहे. आजच्या पुष्कळ बोर्डांवर त्यासाठी चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, चित्र आणि डिस्क. जो दिवा पेटून राहील, तिथे आधी हात घालावा.

लहानापासून मोठे

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी देशातील एक पहिला संगणक बांधला. त्यांनी थेट मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र केले, ते १९५६ साली चालू झाले. मोठे यंत्र रीतसर कामाला लागले १९६० साली. त्याचे नाव टिफ्रॅक. त्यात २,७०० निर्वात नळ्या आणि १२,५०० रोधक होते. एवढ्या पसाऱ्यात बिघाड शोधायचा तर लहानापासून मोठ्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्या खोक्यात तर पाच-सात भागच आहेत.

हे मात्र करू नये

पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नये. पिन काढली तरी आतल्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती जिवावर बेतू शकते. प्रोसेसरवर पंखा बसवल्याशिवाय बटण दाबू नये. थंडीतल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा. पिन तीन खुट्यांची आणि अर्थिंग खरोखरचे असावे. वस्तीवर दाब वरखाली होत असेल तर मध्ये यूपीएस घ्यावा.

आणि बिले, खोकी व हमीपत्रे बारदानासारखी फेकू नयेत. भाग बदलून देण्याची मुदत बेताचीच असते. काय काय तपासले ते कागदावर लिहून दुकानात न्यावे. "चालत नाही" एवढेच म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवा बोर्ड पडू शकतो. "एका पट्टीवर चालतो, दुसरीवर नाही" असे सांगणाऱ्याला पट्टी बदलून मागता येते. फरक काही हजारांचा आहे आणि तो पैसा उसाचा आहे.

आपल्यातील जुन्या सभासदांना चाचणी हंगाम म्हणजे काय ते सांगायला नको. बॉयलर पेटला त्याच दिवशी कोणी गव्हाणीत मोळी टाकीत नाही. आधी वाफ धरते का बघतात, मग टर्बाइन, मग गिरण्या रिकाम्या फिरवतात, आणि ऊस सगळ्यात शेवटी. पोराने जोडलेल्या संगणकालाही तेवढा चाचणी हंगाम द्यावा, आणि त्या पोरालाही!