डबी फेकू नका!

बालमित्रांनो, शाळेचं गॅदरिंग जवळ आलं की घराघरांत आरशासमोरची गर्दी वाढते, हो ना? कुणाला नाचात पहिल्या रांगेत उभं राहायचं असतं, कुणाला निवेदन करायचं असतं. मग कुणीतरी हमखास सांगतं, "अगं, ही क्रीम लाव, आठ दिवसांत उजळशील!" डबीवर ना कंपनीचं नाव, ना पत्ता. तरी आपण लावतो. आणि त्याच चेहऱ्यावर उद्या पुरळ उठलं, सूज आली, तर? दाद कुणाकडे मागायची?

कपोलकल्पित गोष्ट नाही ही. अकोल्यातल्या एका कॉलेजकन्येनं 2022 साली ओळखीच्या ब्युटिशियनकडून अशीच क्रीम आणली. चेहरा उजळला. सगळे विचारू लागले, काय लावतेस? मग आईनं आणि बहिणीनंही तीच लावायला घेतली. काही महिन्यांतच तिघींच्याही मूत्रपिंडांना आजार जडला. एकाच घरातल्या तिघी एकदम आजारी कशा, या कोड्याचं उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात सापडलं. क्रीम तपासली तर तिच्यात पारा! कायद्यानं अशा क्रीममध्ये दहा लाख भागांत फार तर 1 भाग पारा चालतो, तोही चुकून आलेला. इथं तो हजारो पटींनी जास्त होता.

पारा कशाला घालतात? आपल्या कातडीला रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते तयार होण्याचं काम पारा रोखतो, म्हणून कातडी उजळ दिसते. पण तो तिथंच थांबत नाही. रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांतली गाळणी बिघडवतो. मग लघवीला फेस येतो, पाय नि डोळ्यांखालचा भाग सुजतो. केरळमधल्या डॉक्टरांनाही 2021 ते 2023 या काळात असेच रुग्ण सापडले. (मुळात गोरं म्हणजे सुंदर, हे ठरवलं कुणी? आपला विठोबा सावळाच आहे की!)

आता कायद्याकडे वळू. घाबरू नका, सोपं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा 1986 साली आला. 2019 चा नवा कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात एक मोठी गंमत आहे. पैसे आईनं दिले आणि क्रीम तुम्ही आईच्या संमतीनं वापरली, तरी तुम्हीसुद्धा ग्राहकच! फक्त वय अठराच्या आत असेल तर तक्रार आईबाबांनी किंवा पालकांनी करायची. कुठं? आपल्या जिल्ह्यात. खरेदी मुंबईत झालेली असो नाहीतर मोबाइलवरून, कोल्हापूरकरांना कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. यालाच पूर्वी ग्राहक मंच म्हणायचे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. म्हणजे तीनशे रुपयांच्या क्रीमसाठी एक पैसाही नाही! वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मात्र त्रास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी.

भरपाई कोण देणार? क्रीम सदोष असेल किंवा धोक्याची सूचनाच दिली नसेल, तर बनवणारा. आणि बनवणारा कोण हेच कळत नसेल तर? इथं कायदा हुशार आहे. बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर विकणारा जबाबदार! "मी काय, नुसती विकली," असं म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. पण क्रीम त्याच्याचकडून घेतली हे दाखवायचं कसं? पावतीनं! महाद्वार रोडच्या गर्दीत पावती मागायला आपल्याला लाज वाटते. घोडं अडतं ते इथंच.

म्हणून त्रास जाणवला की क्रीम लगेच बंद करा, डॉक्टरांना दाखवा, पण चिडून डबी कचऱ्यात फेकू नका. उरलेली क्रीम, खोकं, पावती, चेहऱ्याचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत ठेवा. खोक्यावर बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता असतो. नसेल तर तीच पहिली तक्रार! ती अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. तिथले औषध निरीक्षक दुकानातून नमुने घेऊन तपासतात, खटलाही भरतात. इतकंच काय, 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आपण विकत घेतलेली क्रीम कुणालाही ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. हे मोठ्यांनाही ठाऊक नसतं, बरं का!

एक बाजू मात्र आपलीही आहे. केसांच्या काही रंगांवर ठळक सूचना असते: आधी थोडासा लावून बघा, भुवया-पापण्यांना लावू नका. ती न वाचता कुणी भुवया रंगवल्या, तर कंपनी म्हणणारच, वापर चुकीचा झाला. आणि आयोग ते ऐकतो.

वेळ किती लागतो? कायदा म्हणतो, तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात? दिल्लीच्या एका ग्राहकानं 79 रुपयांची गोरेपणाची क्रीम घेतली. जाहिरातीतलं काही घडेना, म्हणून 2013 साली तक्रार केली. मध्ये निकाल लागला, वरच्या आयोगानं तो रद्द केला, पुन्हा सुनावणी झाली. डिसेंबर 2024 मध्ये जिल्हा आयोगानं कंपनीला 14 लाख 50 हजार रुपये ग्राहक कल्याण निधीत भरायला आणि त्या ग्राहकाला 50 हजार द्यायला सांगितलं. अकरा वर्षं! त्यामुळे आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, असं मला वाटतं. मराठीतही बोलता येतं, आणि पुष्कळदा कंपनी तेवढ्यावरच पैसे परत करते.