शाखा हवी, पण निर्णय इथले हवेत

चिंचवडच्या ऑटो क्लस्टरशेजारी सायन्स पार्क आहे. शाळेची सहल आली की मुलांची झुंबड उडते ती हाताने चालवून पाहायच्या उपकरणांपाशी. 2013 मध्ये सुरू झालेलं हे केंद्र महापालिका आणि राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद यांनी मिळून उभारलं. परिषदेचं मुख्यालय कोलकात्यात. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र (1985) आणि नागपूरचं रमण विज्ञान केंद्र (1992) ही तिचीच.

राष्ट्रीय संस्थेने एवढ्या लांब पसारा मांडावा का? मांडावाच. चाकणच्या कामगाराची मुलं विज्ञान हाताळायला कोलकात्याला जाणार नाहीत.

खरी अडचण पुढे आहे: तिथे काय मांडायचं, हे कोण ठरवणार? राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा 1996 मध्ये कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झाली. फेब्रुवारी 2019 मध्ये प्रभाकर बरवे यांच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती उरली नाही, प्रदर्शनांचे निर्णय आता दिल्लीतून होणार, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांना भाषणात मध्येच अडवण्यात आलं. समिती गेली की शाखेचं नुसतं गोदाम होतं. इंग्लंडमध्ये तर 2016 साली ब्रॅडफर्डच्या संग्रहालयातला छायाचित्रांचा मोठा संग्रह लंडनला हलवायचं ठरलं. ब्रॅडफर्डकरांनी विरोध केला, पण संग्रह गेला.

पिंपरी-चिंचवडकडे मांडण्यासारखं स्वतःचंच भरपूर आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढे देशात सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध तिथल्याच संशोधकांनी शोधलं. आकुर्डीतून बाहेर पडलेली चेतक स्कूटर घराघरात पोहोचली. त्या काळची किण्वनाची टाकी, टूलरूममधला घासून गुळगुळीत झालेला जिग, शिफ्टचं हजेरी कार्ड, हे सगळं पाहायला मिळालं तर ज्या कारखान्याच्या भोंग्यावर आजोबांचं घड्याळ चालायचं, तिथे नेमकं काय बनत होतं हे नातवाला कळेल.

यासाठी परिषदेचं तंत्र आणि अनुभव हवाच. पण कोणती वस्तू ठेवायची हे ठरवणाऱ्या समितीत इथले निवृत्त टूलमेकर, कामगार संघटना आणि लघुउद्योजक बसले पाहिजेत, आणि महापालिकेने त्यांच्या शब्दाला लेखी अधिकार दिला पाहिजे. कारखान्यांनीही जुनं यंत्र भंगारात काढण्याआधी सायन्स पार्कला एकदा विचारावं.