नान्नजच्या माळावरचा रविवार

गड्डा यात्रेचे पाळणे उतरले आणि तिळगुळाचे डबे तळाला गेले, की सोलापुरात थंडीचा शेवटचा टप्पा सुरू होतो. पहाटे शाल हवीशी वाटते, दुपारी पंखा लावावा लागतो. मार्चअखेरच्या हिशेबांची धांदल अजून दूर असते. व्यापारी कुटुंबाला एकत्र बाहेर पडण्यासाठी वर्षात इतके सोयीचे दिवस दुसरे नाहीत. तरीही आमच्या घरी ते बहुधा तसेच निघून जातात.

सात रस्त्यापाशी आमचे घर आहे. सात वाटा तेथे एकत्र येतात. आम्ही मात्र तीन पिढ्या एकाच वाटेने जात आलो, चाटी गल्लीतील कापडाच्या दुकानाच्या. या वर्षी ही चाकोरी मोडली ती माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने. गेली दोन वर्षे तिला पक्षी पाहण्याचा छंद लागला आहे. गच्चीवरून, सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून, शाळेच्या वाटेवर जो पक्षी दिसेल त्याची ती वहीत नोंद करते: तारीख, वेळ, ठिकाण, संख्या. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ तिच्या उशाशी असतो. सोलापुरात जन्मलेल्या आणि २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या वनाधिकाऱ्याने मराठीला पक्ष्यांची नावे दिली, हे मला तिच्याकडून कळले. वहीत एका पानावर तिने फक्त एकच नाव लिहून ठेवले होते, ‘माळढोक’. त्यापुढील रकाने कोरे होते.

शनिवारी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपल्यावर तिने विषय काढला, “बाबा, उद्या नान्नजला जाऊ या.” मी काही बोलण्याआधी माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, म्हणाले, “मीही येतो.” अण्णांचे वय ब्याऐंशी. अलीकडे सकाळी काय घडले ते संध्याकाळी त्यांच्या स्मरणात राहत नाही. गाडीतून लांब जाणे त्यांनी जवळजवळ सोडले होते.

रविवारी पहाटे दर्शन घेऊन आम्ही पाच जण निघालो. उकळून गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या, दशम्या, आणि लसणाऐवजी जिरे व सुके खोबरे घालून कुटलेली शेंगाचटणी आईने बरोबर घेतली होती. बार्शी रस्त्याने नान्नज अवघे वीस-बावीस किलोमीटर. शहर संपते तशी दोन्ही बाजूंना शाळू ज्वारी उभी दिसते. आपल्या मालदांडी ज्वारीचा प्रसिद्ध वाण याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला. पुढे द्राक्षबागा लागतात आणि नान्नज आल्याची खूण पटते. ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ या द्राक्षजाती नान्नजच्याच नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत तयार केल्या. फळबाजारातील व्यापाऱ्याच्या तोंडी रोज असणारी ही नावे एका शेतकऱ्याच्या निरीक्षणातून जन्मली आहेत. नीट पाहण्याची सवय किती मोलाची असते, हे त्या बागांकडे बघताना प्रथमच माझ्या मनात आले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. माळढोकाविषयी माझ्या मनात अढी होती. १९७९ साली अभयारण्य घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आली, शेते आली, खासगी जमिनी आल्या. खरेदी-विक्री अडली, बांधकामे अडली. पुढे हे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण तोवर कित्येक कुटुंबांची गुंतवणूक अडकून पडली होती, त्यांत आमचाही एक तुकडा होता. ‘एका पाखरापायी’ हे शब्द आमच्या पेढीवर मी कितीदा उच्चारले असतील!

चौकीवर नोंद करून आम्ही वाटाड्यासह माळावर गेलो. प्रथम काहीच दिसले नाही. पिवळे पडलेले गवत, मधूनच बाभूळ, वर मोकळे आकाश. ‘पडीक जमीन’ असेच मी म्हटले असते. मुलीने दुर्बीण हाती दिली आणि हळूहळू माळ भरू लागला. दूर काळविटांचा कळप चरत होता. चंडोल गात गात सरळ वर चढला. गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या हा थंडीपुरता आलेला पाहुणा. लवकरच तो उत्तरेकडे परतेल. आमच्यापासून वीस पावलांवर धाविक पक्षी उभा होता. तो धावला तेव्हाच मला कळले की तेथे पक्षी आहे.

माळढोक मात्र दिसला नाही.

वाटाड्याने कारणे सांगितली. हा पक्षी मीटरभर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. मादी जमिनीवर, उघड्या मातीत बहुधा वर्षाला एकच अंडे घालते. गुरांचा पाय, भटके कुत्रे, कोल्हा यांपैकी काहीही त्या अंड्याला पुरेसे होते. कालव्याचे पाणी आले तसे माळ उसाखाली गेले. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळतो. एके काळी राष्ट्रीय पक्षी म्हणून डॉ. सलीम अली यांनी ज्याची शिफारस केली, तो आज साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरला आहे आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. तेथे जैसलमेरजवळ अंडी उबवून पिले वाढविण्याचे काम चालू आहे. सोलापूर जिल्ह्यातील संख्या बोटांवर मोजण्याइतकीही राहिलेली नाही.

“लोक पुण्य म्हणून उरलेले अन्न माळाच्या कडेला टाकून जातात,” तो म्हणाला. “कुत्री त्यासाठी येतात आणि मग इथेच राहतात.” मी मान खाली घातली. जीवदयेसाठी आपण हात आखडता घेत नाही; परंतु एका जिवाला घातलेला घास दुसऱ्या जिवाच्या घरट्यापर्यंत वाट करून देतो, हा विचार मी कधी केला नव्हता. चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, हे मुनिराजांच्या ईर्यासमितीबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांच्या माळावर त्या शिकवणीचा अर्थ पायांना कळला.

परतताना ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात हुरड्यासाठी थांबलो. त्यांच्या आजोबांपासून हे घर आमचे गिऱ्हाईक. आईने प्रत्येक कणीस उजेडात फिरवून, कीड नाही ना हे पाहूनच पुढे दिले. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजली, तळहातावर चोळून गरम दाणे पुढे आले. एवढा वेळ गप्प असलेले अण्णा एकाएकी बोलू लागले.

“बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी वसुलीला इथे आलो होतो. एसटीने वडाळ्यापर्यंत आणि पुढे पायी. चार गावे फिरलो, एक रुपया मिळाला नाही. कुणाच्या घरी दाणा नव्हता, मागायचे तरी कसे? तसाच परत निघालो. संध्याकाळी माळावर तीन पाखरे उभी होती, माणसासारखी मान वर करून. मी थांबलो, तीही थांबली. घरी आल्यावर वडिलांनी विचारले, वसुली किती? म्हटले, शून्य. ते म्हणाले, राहू दे, माणसे टिकली तर खाते टिकेल.”

शेतकरी हातातले कणीस तसेच धरून ऐकत होते. त्यांच्या घरचे नाव त्या जुन्या खात्यात होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मुलीने वही उघडली. माळढोकाच्या पानावर तिने लिहिले: ‘तीन. नान्नज-वडाळा माळ. दुष्काळानंतरचे साल, संध्याकाळ. पाहणारे: आजोबा.’ मग वही त्यांच्यापुढे धरून म्हणाली, “आजोबा, सही करा.” अण्णांनी चष्मा पुसला आणि दुकानाच्या चोपड्यात करीत तशीच वळणदार सही केली.

साडेपाचला आम्ही घरी पोहोचलो, दिवस मावळण्याआधीचे जेवण वेळेवर झाले. रात्री अण्णांनी मला विचारले, “आज आपण कुठे गेलो होतो?” मी काही सांगण्याआधी मुलीने वही आणली आणि ते पान त्यांना वाचून दाखविले.

थंडीचे थोडे दिवस अजून शिल्लक आहेत. पुढच्या रविवारीही दुकान बंदच असणार आहे. अण्णांनी काठी दाराशी काढून ठेवली आहे.