कोंबडी कोणाच्या अंगणातली?

दिवाळीच्या अंकात कोंबडीवर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. हे दिवस चकल्या-अनारशांचे. काही घरांत तर चंपाषष्ठी उलटेपर्यंत सामिष पदार्थाचे नावसुद्धा काढत नाहीत. पण माझे म्हणणे असे, की पिशवी घेऊन निघण्याची घाई नसते तेव्हाच, कोणाच्या दुकानी जावे याचा विचार शांतपणे होतो. म्हणून मुद्दाम हीच वेळ निवडली.

दुसरी आठी पडेल ती माझ्या माहेरचे नाव वाचून. माझे माहेर वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर. सारे त्याला शिरपूर जैन म्हणतात, ते तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून 'अंतरिक्ष'. देशभरातून यात्रेकरू तिच्या दर्शनाला येतात. अशा तीर्थाच्या गावची माहेरवाशीण कोंबडीवर लिहिते, हे विचित्र वाटेल. पण गाव म्हटले की सगळ्या जातीधर्मांची वस्ती आलीच, आणि आमच्या घरी सणवार सोडून रस्सा शिजत असे. शेजारी एक जैन काकू राहत. आमच्या अंगणातल्या कोंबड्या त्यांच्या ओट्यावर खुशाल फिरत. काकू आईला एवढेच म्हणत, "तुम्ही खाता ते तुमचं. पण जोवर जगवता तोवर नीट जगवा." वाद नाही, उपदेश नाही. या लेखाला निमित्त काय म्हणाल, तर काकूंचे हे एक वाक्य.

आता पुण्याच्या घरी काय होते ते सांगते. आमच्या सूनबाई फोनवर बोट फिरवतात आणि अर्ध्या तासात कोंबडी दारात. धुतलेली, तुकडे केलेली, थंडगार पिशवीत बंद. तिला ना पीस, ना पाय, ना गाव. गावरान कोंबडीचा भाव मात्र या कोंबडीच्या दुपटीहून अधिक. सूनबाई हिशेबाच्या पक्क्या. त्या विचारतात, "आई, प्रथिनं दोन्हींत सारखीच ना? मग दुप्पट पैसे कशाचे?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. प्रथिनांत म्हणण्यासारखा फरक नाही, हे आधीच कबूल करते. गावरान कोंबडीत चरबी कमी, मांस घट्ट, चव दाट; पण औषधाचा गुण तिच्यात नाही. मग दुप्पट पैसे जातात कुठे? हे कळायला दोन्ही कोंबड्यांचे जन्मवृत्त पाहायला हवे.

दुकानातली ब्रॉयलर ही माणसाने घडवलेली कोंबडी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' शोधण्याच्या स्पर्धा भरल्या. १९४८ साली त्यांची राष्ट्रीय अंतिम फेरी झाली. भरदार छाती आणि झपाट्याची वाढ, हे दोन गुण निवडत निवडत पैदास होत गेली. ती किती पुढे गेली पाहा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ सालची एक जात जपून ठेवली होती. ती आणि २००५ सालची जात संशोधकांनी एकाच खाद्यावर वाढवून पाहिली. छप्पन्नाव्या दिवशी जुनी कोंबडी भरली सुमारे ९०५ ग्रॅम, तर नवी ४ किलो २०२ ग्रॅम! आपल्याकडची ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होऊन बाजारात येते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शने देतात" असे हळदीकुंकवापासून लोकलगाडीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. तसे नाही. हजारो पक्ष्यांना एकेक सुई टोचणे परवडणारही नाही. ही वाढ पैदाशीची आणि खुराकाची. काळजी करायची असेल तर ती प्रतिजैविकांची करावी. दाटीवाटीने वाढवलेल्या पक्ष्यांना आजारी नसतानाही औषधे देण्याची सवय जगभर पडली आणि त्या औषधांना न जुमानणारे जंतू तयार होऊ लागले. माणसांसाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे औषधही जनावरांच्या खाद्यात जात होते. केंद्र सरकारने २०१९ साली खाद्य-प्राण्यांसाठी त्याचे उत्पादन व विक्री बंद केली, ते उगाच नव्हे.

तरीही ब्रॉयलरला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. पूर्वी मध्यमवर्गाच्या घरी कोंबडी शिजे ती जावई आला तर. डॉ. बी. व्ही. राव यांच्या वेंकटेश्वरा हॅचरीजने १९७१ पासून हा धंदा नव्या पद्धतीने उभा केला. पुणे त्याचे मोठे केंद्र झाले आणि कोंबडी रविवारच्या ताटात आली. २०१९ च्या पशुगणनेत देशातले कुक्कुटपक्षी भरले ८५ कोटी १८ लाख. त्यांतले ५३ कोटींहून अधिक व्यापारी शेडमधले, तर जवळजवळ ३२ कोटी घरोघरच्या अंगणातले. अंगणातली कोंबडी संपली असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

गावरान कोंबडी दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने घेते. वर्षाला अंडी घालते पन्नास-साठ, शिवाय मधूनच खुडूक बसते आणि एकवीस दिवस जागची हलत नाही. घरातला चुरा, खळ्यातले सांडलेले दाणे, उकिरड्यातले किडे हा तिचा खुराक. मुंगूस, मांजर आणि घार यांच्याशी तिचे रोजचे वैर. म्हणजे दुप्पट भावात आपण घेतो तो मुख्यतः वेळ. चार-साडेचार महिने अधिक जगलेले आयुष्य, आणि तेही मोकळ्या मातीतले.

आता पुन्हा शिरपूरला चला. माझा धाकटा भाऊ शेती करतो. सोयाबीन आणि तूर. गेल्या भाऊबीजेला हा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमच्या पुण्याच्या कोंबडीच्या पोटात आमचंच सोयाबीन हाये." खरेच आहे. सोयाबीनचे तेल काढले की उरते ती पेंड, आणि मक्याबरोबर ती कोंबडीखाद्याचा मोठा हिस्सा. शहरातली कोंबडी स्वस्त राहायची तर पेंड स्वस्त हवी, पेंड स्वस्त तर सोयाबीन स्वस्त. २०२१ साली सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेले होते. खाद्य परवडत नाही अशी कुक्कुटपालकांची ओरड झाली, आणि ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन पेंड परदेशातून आणायला परवानगी दिली. नवे पीक बाजारात यायच्या तोंडाशी भाव खाली आले. २०२४ साली हमीभाव ४,८९२ रुपये असताना विदर्भ-मराठवाड्याच्या अनेक बाजारांत सोयाबीन त्याहून कमी भावाने गेले.

"मग ब्रॉयलर बंद झालेली बरी," मी म्हटले. तर भाऊ हसला. "बंद झाली तं पेंड कोन घेईन?" वाचकहो, मला हे उत्तर आवडले, कारण ते सोयीचे नव्हते. ब्रॉयलर बंद व्हावी असे माझ्या भावालाही वाटत नाही. तिच्या स्वस्ताईचा भार आपल्या शिवारावर पडू नये, एवढेच त्याला हवे.

चुलतभावाने तर कराराने शेड घातली आहे. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि मेहनत याची. तयार पक्ष्यांच्या वजनावर किलोमागे ठरलेले पैसे. वऱ्हाडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पारा चव्वेचाळिसावर गेला की हे जड पक्षी धापा टाकतात. तेव्हा तो रात्र-रात्र फॉगर आणि पंखे सांभाळत बसतो. तो म्हणाला, "पिल्लू माह्यं नाई, भाव माह्या हातात नाई. माह्यं म्हनजे शेड अन् जागरन." तोही कष्टाचीच भाकर खातो. त्याला खलनायक करून आपले ताट पवित्र होणार नाही.

वहिनीच्या मात्र अंगणात पंधरा-वीस कोंबड्या. गिऱ्हाईक घरी येऊन घेऊन जाते. भाव ती सांगते, पैसे तिच्या हातात पडतात. ती म्हणाली, "सोयाबीनचा पैसा यायच्या खात्यात जाते ताई, अन् तिथून सोसायटीच्या कर्जात. कोंबडीचा माह्या पदराले बांधला जाते." त्या पैशांतून मुलीची वह्या-पुस्तके झाली, एकदा चष्मा झाला. सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. दुप्पट भावातला मोठा वाटा मधल्या चार हातांत न जाता एका बाईच्या पदरात पडत असेल, तर तो भाव महाग नाही.

पण दोन वर्षांपूर्वी या अंगणावर संकट आले होते. मानमोडी आली. शास्त्रीय पुस्तकांत तिला राणीखेत म्हणतात. आमच्याकडे मानमोडी, कारण कोंबडी मान मुरगळून गोल फिरते आणि मरते. आठवड्यात वहिनीचे खुराडे रिकामे झाले. यावर लस आहे, आणि ती स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा-आठ आठवड्यांनी दुसरी लस टोचून. अडचण वेगळीच आहे. लसीची कुपी असते शंभर-दोनशे पक्ष्यांची, आणि एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. पंधरा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? वहिनीने आळीतल्या दहा बायका गोळा केल्या. कोंबड्या डालल्यानंतर, दिवेलागणीला, घरोघर फिरून एकाच कुपीत सगळ्यांचे काम उरकले. आता वर्षातून ठरलेल्या वेळी हा कार्यक्रम होतो. 'नैसर्गिक' म्हणून कोंबडीला देवावर सोडणारे आपण शहरात बसून कौतुक करतो. अंगणातली कोंबडी टिकते ती अशा कुपीने.

शहरातल्या गृहिणींनी काय करावे? 'गावरान' अशी पाटी पाहून भुलू नये. अंडी देऊन थकलेल्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या आणि शेडमध्येच वाढवलेल्या रंगीत संकरित कोंबड्या याच नावाने सर्रास खपतात. वनराजा, गिरिराजा या परसासाठीच तयार केलेल्या जाती वाईट नाहीत, पण त्या त्याच नावाने आणि त्याच भावाने विकाव्यात. नावाच्या मागे धावून काय होते ते कडकनाथच्या निमित्ताने २०१९ साली इस्लामपूरकडच्या शेतकऱ्यांनी सोसले आहे. म्हणून विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारावेत: कुठून आणली, किती महिन्यांची, काय खात होती. ज्याला उत्तर ठाऊक असते तो सांगताना अडखळत नाही. तुमचे गाव असेल, नात्यातले कोणी खेड्यात असेल, तर त्याहून सोपे. सुट्टीत गेलात की तिथूनच घ्या, आणि भावात घासाघीस करू नका.

घरी आणल्यावर ब्रॉयलरचे शास्त्र तिला लावू नये. ब्रॉयलर पंचवीस मिनिटांत शिजते. जून गावरान कोंबडीला मंद आचेवर तास-दीड तास द्यावा, घाई असेल तर कुकरला चार शिट्ट्या जास्त. भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि खसखस यांचे वाटण वऱ्हाडी पद्धतीने सढळ घाला. रस्सा पातळ ठेवा, कारण चव त्यातच उतरते. सोबत ज्वारीची भाकर. अर्धा किलोत चार माणसांचे पोट भरते, कारण लोक रश्शावर ताव मारतात. आणि कोंबडी गावरान असली तरी हात-पाट-सुरी धुण्याचा आणि मांस पुरते शिजवण्याचा नियम सुटत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. सूनबाईंनीच तो सोडवला. महिन्याचे चार रविवार कोंबडी होई, ते त्यांनी दोनावर आणले. मधल्या रविवारी अंड्याची आमटी किंवा मटकीची उसळ. वहीतली बेरीज तीच राहिली. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांची पंगत असली की ब्रॉयलर अजूनही येते, आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. चंपाषष्ठीनंतरच्या पहिल्या रविवारसाठी वहिनीकडे दोन कोंबड्या सांगून ठेवल्या आहेत. भाचा नोकरीला पुण्यात आहे, तो येताना आणील. भाव वहिनीने सांगितला, सूनबाईंनी लगेच "बरं" म्हटले, आणि पैसे आधीच पाठवून दिले.