ब्राउझरमधील कुकी व तिची व्यवस्था

वेबवरील पृष्ठांची देवघेव ज्या नियमांनी चालते, त्या एचटीटीपी नामक पद्धतीत स्मरणशक्तीला मुळात स्थान नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात वेबची उभारणी केली, तेव्हा संशोधकांना एकमेकांची कागदपत्रे सुलभतेने पाहता यावीत हा त्यांचा मुख्य हेतू होता. पृष्ठाची मागणी आली, पृष्ठ पाठविले, व्यवहार संपला. पुढच्याच क्षणी त्याच वाचकाने दुसरे पृष्ठ मागविले, तरी सर्व्हरच्या लेखी तो नवखाच. कागदपत्रे वाचण्यापुरता हा विसराळूपणा उपद्रवकारक नव्हता. किंबहुना त्यामुळे सर्व्हरचे काम हलके राहिले. परंतु वेबवर दुकाने थाटण्याचा विचार सुरू होताच अडचण उभी राहिली. गिऱ्हाइकाने टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पृष्ठावर जाईपर्यंत दुकानदाराला आठवत नसेल, तर विक्री व्हावी कशी?

या अडचणीवर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी तोड काढली. सर्व्हरने वाचकाच्या ब्राउझरच्या हाती एक लहानशी खूण द्यावी आणि ब्राउझरने पुढील प्रत्येक मागणीसोबत ती परत दाखवावी, अशी ही योजना होय. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या हाती दिलेल्या आणि घेणाऱ्याला अर्थ न कळणाऱ्या अशा खुणेस युनिक्स जाणणाऱ्या मंडळींत ‘मॅजिक कुकी’ म्हणत असत. त्यावरून मॉन्टुली यांनी ‘कुकी’ हे नाव घेतले. आपल्याकडे बिस्किटाचा अर्थ मनात येऊन या शब्दाने विद्यार्थ्यांचा थोडा गोंधळ होतो. ग्रंथालयाच्या दाराशी पिशवी ठेवून घेताना मिळणारा पितळी बिल्ला हे त्याचे अधिक समर्पक मराठी रूप ठरेल. बिल्ल्यावर केवळ एक आकडा असतो; पिशवीत काय आहे हे बिल्ला सांगत नाही. तो दाखविणारा कोण आहे याची चौकशीही खिडकीवरचा सेवक करीत नाही. बिल्ला आणला, पिशवी दिली. कुकीविषयी पुढे जे काही सांगावयाचे आहे, त्यातील बराचसा भाग या दोन गोष्टींतूनच निष्पन्न होतो.

कुकी हा प्रोग्रॅम नव्हे, ती स्वतः काही करीत नाही, आणि तिच्यामुळे संगणकास विषाणूची बाधा होते ही समजूत निराधार आहे. ती एक अक्षरमालिका असते. एका कुकीस किमान ४०९६ बाइट इतकी जागा ब्राउझरने द्यावी, असे एप्रिल २०११ मधील आरएफसी ६२६५ या प्रमाणपत्रिकेत म्हटले आहे. तिच्यासोबत काही अटी येतात : ती कोणत्या संकेतस्थळाची, केव्हापर्यंत जपून ठेवावयाची, केवळ सुरक्षित जोडणीवरूनच पाठवावयाची की कसे. मुदत दिलेली नसेल, तर ब्राउझर बंद करताच ती नष्ट व्हावी असा संकेत आहे. मुदत दिली असेल, तर ती महिनोन् महिने टिकते. क्रोमने २०२२ साली या मुदतीवर ४०० दिवसांची मर्यादा घातली.

येथवर तक्रार करण्याजोगे काही नाही. तक्रारीचा विषय वेगळ्या ठिकाणी आहे. एखादे वृत्तपत्र आपण ब्राउझरमध्ये उघडतो, तेव्हा त्या पृष्ठावरील मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरकडून येतो. परंतु जाहिरातीची चौकट, एखादे चित्र, किंवा डोळ्यांस न दिसणारा एका ठिपक्याएवढा अंश तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. त्या सर्व्हरलाही आपली कुकी ब्राउझरच्या हाती देता येते. हीच तृतीयपक्षीय कुकी. आता हीच कंपनी पाककृतींच्या, औषधांच्या व नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवरही जाहिराती पुरवीत असेल, तर प्रत्येक ठिकाणी ब्राउझर इमानेइतबारे तोच एक बिल्ला दाखवितो, आणि कोणत्या क्रमांकाच्या वाचकाने आज काय काय वाचले याची सलग नोंद एका जागी होते. वाचकाने त्या कंपनीचे नावही ऐकलेले नसते. गावातील सगळ्या ग्रंथालयांच्या पिशव्यांच्या खिडक्या एकाच ठेकेदाराकडे असाव्यात आणि त्याने वही ठेवावी, असा हा प्रकार आहे. माणसाने काय वाचले यावरून त्याचा आजार, त्याची विवंचना, त्याचे राजकीय मत ही ताडता येतात. विद्यापीठात वावरणाऱ्यांना तरी हे निराळे सांगावयास नको.

हा धोका उशिरा लक्षात आला असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या ‘फायनॅन्शियल टाइम्स’ने कुकीविषयी लेख छापल्यावर त्याची सार्वजनिक चर्चा सुरू झाली. त्याच सुमारास मानक ठरविणाऱ्या अभियंत्यांच्या मंडळातही हा प्रश्न विचाराधीन होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल व लू मॉन्टुली यांच्या नावे आरएफसी २१०९ ही पत्रिका प्रसिद्ध झाली. वाचकाने ज्या संकेतस्थळाची प्रत्यक्ष मागणी केलेली नाही, त्याच्या कुकी ब्राउझरने स्वीकारू नयेत. हा नियम शिथिल करण्याची सोय वाचकास देण्यास हरकत नाही, मात्र ती सोय मुळात बंद असावी, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे कुकीच्या जन्मदात्यानेच, तिच्या जन्मानंतर अवघ्या तीन वर्षांत, योग्य ती तजवीज सुचविली होती. जाहिरातीच्या व्यवसायातून तिला विरोध झाला. नेटस्केप व इंटरनेट एक्सप्लोरर या तेव्हाच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी ती अमलात आणली नाही. ऑक्टोबर २००० च्या सुधारित पत्रिकेत हा नियम कायम राहिला, आणि व्यवहारात तो कागदावरच राहिला. २०११ च्या पत्रिकेने अखेर वस्तुस्थितीपुढे मान तुकवून तृतीयपक्षीय कुकींचा निर्णय ब्राउझरांवर सोपविला.

मूळ मांडणीतच जे ठरवून दिलेले असते, ते बदलण्यास फारच थोडे लोक जातात. त्यामुळे ‘बंद’ आणि ‘चालू’ यांपैकी कोणता शब्द आरंभी लिहिलेला असावा, या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर एक अवाढव्य व्यवसाय उभा राहिला. सफारीचा अपवाद येथे नमूद केला पाहिजे. या ब्राउझरने तृतीयपक्षीय कुकींना प्रारंभापासूनच बऱ्याच अंशी मज्जाव केला होता. तथापि वाचकाने एखादा अर्ज भरून पाठविला असता सूट मिळत असे. गूगलने अदृश्य अर्जाचा उपयोग करून त्या सुटीचा लाभ घेतल्याचे २०१२ साली उघड झाले. सफारी वापरणाऱ्यांना दिलेली माहिती वस्तुस्थितीस धरून नव्हती, या आरोपाच्या तडजोडीपोटी कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २ कोटी २५ लक्ष डॉलर भरले. पुढे मार्च २०२० पासून सफारीने तृतीयपक्षीय कुकी सरसकट रोखल्या. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ मध्ये ज्ञात पाळतदारांच्या कुकी रोखण्यास आरंभ केला. जून २०२२ पासून त्याने प्रत्येक संकेतस्थळासाठी निराळी बरणी ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली : तृतीय पक्षाला बिल्ला देता येतो, परंतु एका स्थळी दिलेला बिल्ला दुसऱ्या स्थळी दिसत नाही. प्रस्तुत लेखकास हा उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात मोडतोड कमी होते.

क्रोमची कथा याहून वळणावळणाची. जानेवारी २०२० मध्ये गूगलने दोन वर्षांत तृतीयपक्षीय कुकी बंद करण्याचे जाहीर केले. नंतर ती मुदत पुन्हा पुन्हा लांबली. जानेवारी २०२४ मध्ये शेकडा एक वापरकर्त्यांवर प्रयोग झाला. जुलै २०२४ मध्ये बंदीचा विचार सोडून वाचकासच निवड विचारावी असे ठरले. आणि एप्रिल २०२५ मध्ये तशी स्वतंत्र विचारणाही करावयाची नाही असे सांगण्यात आले. निर्णय करणारी कंपनी हीच जाहिरातींच्या व्यवसायातील सर्वांत मोठी कंपन्यांपैकी एक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या चालढकलीचे फारसे नवल वाटत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, क्रोम वापरणाऱ्याने सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या विभागात जाऊन तृतीयपक्षीय कुकी स्वतः रोखल्या पाहिजेत. आपण होऊन हे काम झालेले असेल, अशा भ्रमात राहू नये. गुप्त खिडकीत मात्र त्या मुळातच रोखलेल्या असतात.

मग सर्वच कुकी का रोखू नयेत? उत्साहाच्या भरात कित्येक विद्यार्थी असे करतात आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतात. ग्रंथालयामार्फत मिळणारी नियतकालिके हे याचे जवळचे उदाहरण. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या इन्फेड व्यवस्थेतून प्रवेश करताना वाचक प्रकाशकाच्या स्थळावरून आपल्या संस्थेच्या प्रवेशपृष्ठाकडे व तेथून पुन्हा प्रकाशकाकडे जातो. या प्रवासात दोन्ही ठिकाणे वाचकाने क्रमाने प्रत्यक्ष उघडलेली असतात, म्हणून त्यांच्या कुकी प्रथमपक्षीय ठरतात. तृतीयपक्षीय कुकी रोखल्याने सामान्यतः या मार्गास बाध येत नाही. सर्व कुकी रोखल्या तर मात्र परवलीचा शब्द बरोबर देऊनही वाचक दाराबाहेरच घोटाळत राहतो, कारण त्याने तो शब्द दिल्याचे पुढच्या पृष्ठास आठवत नाही. एखाद्याच स्थळाची अडचण होत असेल, तर सारी व्यवस्था सैल न करता पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकास असलेल्या चिन्हावरून त्या एका स्थळास अपवाद करता येतो. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते.

संमतीच्या पाट्यांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात २००९ साली सुधारणा करून, सेवेस अत्यावश्यक नसलेल्या कुकीसाठी वाचकाची पूर्वसंमती आवश्यक केली, आणि मे २०१८ पासून लागू झालेल्या विदासंरक्षण नियमावलीने ‘संमती’ या शब्दाचा अर्थ कडक केला. आधीच खूण करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘प्लॅनेट ४९’ या खटल्यात दिला. स्वीकार एका टिचकीत आणि नकार मात्र अनेक टिचक्यांत, या रचनेबद्दल फ्रान्सच्या नियामक संस्थेने गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोठावल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. पाटीवर दिलेला नकार लक्षात ठेवण्याचे काम बहुधा कुकीच करते, ही यातील गंमत आहे. जो वाचक रोज रात्री सर्व कुकी पुसून टाकतो, त्याचा नकारही पुसला जातो आणि सकाळी पाटी पुन्हा हजर होते. असा वाचक मग कंटाळून ‘स्वीकार’ दाबतो. पाटीतील नकारापेक्षा ब्राउझरमधील मज्जाव अधिक भरवशाचा, याचे हे एक कारण. दुसरे असे की, पाटीचे वचन पाळणे समोरच्या पक्षावर अवलंबून असते, तर ब्राउझर आपल्या हाती असतो.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षण अधिनियमात कुकीचे नाव नाही; परंतु संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी, आणि ती स्पष्ट होकारात्मक कृतीने दिलेली असावी, असे त्यात म्हटले आहे. संमतीची विचारणा इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय वाचकास मिळाला पाहिजे, अशीही तरतूद आहे. मराठी त्या अनुसूचीत असल्याने ‘तृतीय पक्ष’, ‘कायदेशीर हितसंबंध’ यांसारख्या शब्दांची सुबोध मराठी पाटी कोणी तरी लिहावी लागेल. भाषा विभागांनी हे काम संगणकीय भाषांतरावर सोडू नये.

आता विभागातील सामाईक संगणकाकडे वळू, कारण तेथील धोका जाहिरातदाराच्या पाळतीहून निराळा व अधिक तातडीचा आहे. बिल्ला दाखविणाऱ्याची ओळख विचारली जात नाही, हे आरंभी सांगितलेच. प्रवेश केल्यानंतर ज्याच्याकडे प्रवेशाची कुकी, तोच सर्व्हरच्या दृष्टीने आपण. परवलीचा शब्द आणि भ्रमणध्वनीवर येणारा आकडा या दोन्ही पायऱ्या ओलांडून झालेल्या असतात. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ हे फायरफॉक्सचे जोडसाधन प्रसिद्ध करून, खुल्या वाय-फायवर दुसऱ्याची कुकी उचलून त्याच्या खात्यात शिरणे किती सोपे आहे, हे दाखवून दिले. त्यानंतर मोठ्या स्थळांनी सांकेतिक जोडणी सर्वत्र लागू करण्याची घाई केली व तो मार्ग बराच अरुंद झाला. परंतु ज्या संगणकावर आपल्यामागून दुसरा विद्यार्थी बसावयाचा आहे, तेथे कुकी उचलण्याचीही गरज नसते. खिडकी बंद केली म्हणजे मुदत नसलेली कुकी नष्ट झाली, हा समज तेथे घातक ठरतो. ‘मागील वेळी जेथे होता तेथून पुढे चालू करा’ ही व्यवस्था निवडलेली असेल, तर क्रोम व फायरफॉक्स दोन्ही त्या कुकींनाही पुन्हा जिवंत करतात. केवळ कुकी पुसणेही अपुरे होय. बिल्ला फेकून दिला तरी पिशवी फडताळात राहते, तसे सर्व्हरच्या बाजूचे सत्र मुदत संपेपर्यंत चालूच राहू शकते. म्हणून रीतसर बाहेर पडण्याची कळ दाबणे प्रथम, पुसणे नंतर.

सामाईक संगणकाची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांनी क्रोममध्ये सर्व खिडक्या बंद होताच स्थळांनी साठविलेली विदा नष्ट व्हावी ही निवड, आणि फायरफॉक्समध्ये तशाच अर्थाची निवड, एकदा करून ठेवावी. यात कुकीबरोबरच स्थळांनी अन्य मार्गांनी साठविलेला मजकूरही जातो. तृतीयपक्षीय कुकी रोखाव्यात, मागील पाने पुन्हा उघडण्याची व्यवस्था बंद ठेवावी, आणि ब्राउझरमध्ये कोणाचेही वैयक्तिक खाते जोडलेले नाही याची आठवड्यातून एकदा पाहणी करावी. या सर्वास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.