गाईवांचून दूध आणि आपला गोठा

नीरा डाव्या कालव्याचें पाणी सन १८८५ पासून बारामती-इंदापुराकडे वाहूं लागलें व पुढें ऊस आला. पण उसाचा पैसा हंगामाचा, दुधाचा दर दहा दिवसांचा. शेतकऱ्याचा घरखर्च चालतो तो या दुसऱ्या पैशावर. म्हणून दुधास पर्याय निघाल्याची वार्ता आमच्या वाचकांनीं थट्टेवारी नेऊं नये.

हे पर्याय दोन जातींचे आहेत. पहिला सोयाबीन, बदाम, ओट यांच्या पेयांचा. सोयाबीनच्या पेयांत प्रथिन गाईच्या दुधाच्या जवळपास असतें. बदामाच्या पेयांत फारच थोडें. दुसरा अधिक विचार करण्यासारखा. दुधांतील प्रथिन बनविण्याचा गुण बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांत घालून ते टांक्यांत साखरेवर वाढवितात व तेंच प्रथिन गाईवांचून काढतात. सन २०१९ मध्यें अशा प्रथिनाचें आइस्क्रीम अमेरिकेंत विकलें गेलें.

चहांतील दूध यानें लगेच हटेल असें आम्हांस वाटत नाहीं. धोका आहे तो भुकटीस. आपल्या दोन्ही तालुक्यांतील पुष्कळ दूध कारखान्यांत जाऊन त्याची भुकटी, लोणी व चीज होतें. भुकटीचा भाव पडला कीं गोठ्यांतील भाव पडतो. सन २०२४ मध्यें सरकारास गाईच्या दुधास लिटरमागें ५ व पुढें ७ रुपये अनुदान द्यावें लागलें, हें सर्वांस ठाऊक आहे. बिस्किटवाला प्रथिन गाईचें कीं टांकीचें हें पाहणार नाहीं, स्वस्त कोणतें तें पाहील. टांकीचें प्रथिन महाग आहे तोंवरच आपल्यास सवड आहे.

सन १९३७ मध्यें डालडा बाजारांत आला व स्वस्ताईमुळें घरोघर शिरला. तरी साजुक तुपाचें मोल गेलें नाहीं. चव व खात्री यांस गिऱ्हाईक राहिलेंच. दुधाचेंही तसेंच होईल. मात्र ती खात्री आपण दिली पाहिजे. भेसळ करणारा शेजारी टांकीवाल्याहून मोठा शत्रु समजावा. फॅट ३.५ व एस.एन.एफ. ८.५ यांखालीं दूध जाऊं देऊं नये. पेंडीवर विसंबण्यापेक्षां घरचा मुरघास करावा. आणि प्रत्येक गाईचा खर्च व दूध वहींत मांडावें. तोट्याची गाय वहीच दाखविते.

शेवटीं एक गोष्ट. टांकी प्रथिन देईल, शेणखत देणार नाहीं. आणि कालव्याच्या पाण्यानें खारावत चाललेल्या आपल्या जमिनीस त्याचीच गरज अधिक आहे. गोठ्याचा हिशेब मांडतांना हें खत जमेस धरावें, अशी आमची विनंति आहे.